संसर्गानंतरचे पोट आणि घरबसल्या मायक्रोबायोम चाचणी: एका संचाचे परीक्षण

घरी मलाचा नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि काही आठवड्यांनी आतड्यातील जिवाणूंचा सविस्तर अहवाल मिळवायचा, अशा स्वरूपाचे संच आता अनेक कंपन्या ऑनलाइन विकतात. मी वापरलेल्या संचाच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझे आक्षेप त्या एका कंपनीपुरते नाहीत. त्याच धर्तीच्या बऱ्याच संचांना ते लागू पडतात. विक्रीच्या पानावरील मजकूर एका विशिष्ट ग्राहकाला उद्देशून लिहिलेला आहे. पोटाचा तीव्र संसर्ग होऊन गेला, ताप आणि जुलाब थांबले, औषधे संपली, नंतरच्या तपासण्यांत काही सापडले नाही, आणि तरीही पोट पूर्वपदावर आले नाही, असा तो माणूस. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या संसर्गानंतर माझे निदान ‘संसर्गोत्तर आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे नेहमीच्या तपासण्यांत दोष न सापडताही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी टिकून राहणे) असे झालेले असल्यामुळे मी त्याच वर्गात मोडतो, आणि हे परीक्षणही त्याच वर्गातील वाचकांसाठी आहे. माझ्याकडून या संचाला पाचपैकी दोन तारे.

जे चांगले आहे ते आधी सांगतो. पेटीची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. शौचकूपावर अडकवायचा कागदी पट्टा, झाकणालाच चमचा जोडलेली नळी, नमुना सामान्य तापमानालाही टिकवून धरणारे द्रावण आणि पत्ता छापलेले परतीचे पाकीट, एवढे सगळे त्यात असते. सूचनापत्रिका सुबोध आहे. नमुन्यात मूत्र किंवा पाणी मिसळू देऊ नये, नळी किती भरावी, ती किती वेळ हलवावी, हे चित्रांसह दिले आहे. पेटीवर आतील वस्तूचा कोणताही उल्लेख नाही. हा बारीक तपशील वाटेल, पण पोटाच्या दीर्घ तक्रारी असणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते. अहवाल सांगितलेल्या मुदतीत आला. तक्रारीला जागा उरते ती अहवाल उघडल्यानंतर.

तो अहवाल जोखायचा तर हा विकार कसा असतो हे थोडक्यात सांगणे भाग आहे. पोटाच्या संसर्गानंतर मागे राहणाऱ्या तक्रारींकडे वैद्यकाचे लक्ष फार पूर्वी गेलेले आहे. ऑक्सफर्ड येथील चौधरी आणि ट्रुलव या डॉक्टरांनी १९६२ मध्ये आपल्या आयबीएसच्या १३० रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या तक्रारी आमांशानंतर सुरू झालेल्या होत्या. पुढे दूषित पाण्याच्या साथींमुळे या विकाराचा माग अधिक काटेकोरपणे घेता आला. मे २००० मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील वॉकर्टन गावाच्या नळाच्या पाण्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू शिरले. सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. त्या गावाचा पाठपुरावा आठ वर्षे झाला. साथीनंतर दोन-तीन वर्षांनी बाधितांपैकी सुमारे २८ टक्के लोकांमध्ये आयबीएसची लक्षणे होती, आणि आठ वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले. नॉर्वेतील बर्गन शहरात २००४ मध्ये पाण्यातून जिआर्डिया या परजीवीची साथ पसरली, तेव्हा तीन वर्षांनंतर बाधितांपैकी ४६ टक्के लोकांना हा त्रास होता. साथीची झळ न लागलेल्या लोकांत तो १४ टक्क्यांना होता. बर्गनमधला फरक दहा वर्षांनीही मिटलेला नव्हता. २०१७ मध्ये ४५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार पोटाच्या संसर्गानंतर वर्षभराने साधारण दहातील एका माणसाला आयबीएस जडलेला दिसतो. संसर्ग न झालेल्यांपेक्षा ही जोखीम चौपटीहून थोडी अधिक आहे. स्त्रिया, संसर्गाच्या वेळी प्रतिजैविके घेतलेले आणि त्या काळात चिंता किंवा नैराश्य असलेले लोक यांच्यात ती आणखी वाढते.

म्हणजे विकार खरा आहे, नवा नाही, आणि पुष्कळांच्या बाबतीत कालांतराने उतरणीला लागणारा आहे. अहवालाच्या पंचवीस-तीस पानांत यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नाही. त्यात आहेत गुण, रंग आणि आलेख.

पहिल्याच पानावर ‘वैविध्य गुणांक’ ठळक अक्षरांत येतो. नमुन्यात जिवाणूंचे किती प्रकार आढळले आणि ते किती समप्रमाणात आहेत यावरून तो काढलेला असतो. माझा गुणांक ‘कमी’ या नारिंगी पट्ट्यात होता आणि खाली लिहिले होते की, आपले आतडे संसर्गातून पुरते सावरलेले नाही. या वाक्यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. मलातील जिवाणूंच्या वैविध्याचा मल किती घट्ट वा पातळ आहे याच्याशी अत्यंत निकटचा संबंध असतो. बेल्जियममध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासांतून २०१६ च्या सुमारास ही बाब स्पष्ट झाली. आतड्यातून अन्न वेगाने पुढे गेले, मल पातळ झाला, की वैविध्य कमी दिसते, आणि यासाठी माणूस आजारी असण्याचीही गरज नसते. मलाचे स्वरूप नोंदवण्यासाठी ब्रिस्टल मापनपट्टी आहे; तिच्यात सात प्रकार असून १९९७ पासून ती जगभर वापरली जाते. कंपनीच्या प्रश्नावलीत ही पट्टी होती, तीत मी सहावा, म्हणजे पातळसर मलाचा, प्रकार नोंदवला होता आणि तो अहवालाच्या शेवटच्या पानावर जसाच्या तसा छापूनही आला होता. परंतु गुणांकाचा अर्थ लावताना त्याचा उपयोग कोठेही केलेला दिसला नाही. जुलाबप्रधान आयबीएस असलेल्या माणसाला ‘तुमचे वैविध्य कमी आहे’ असे सांगणे म्हणजे ‘तुम्हाला जुलाब होतात’ हेच महागड्या पद्धतीने परत सांगणे आहे.

दुसऱ्या पानावर फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडीट्स या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे गुणोत्तर होते, तेही एका तराजूच्या चित्रासह. एकेका गटात इतक्या भिन्न स्वभावाचे जिवाणू मोडतात की त्यांची बेरीज करून भागाकार केल्याने एका माणसाच्या प्रकृतीविषयी काही उलगडत नाही. मायक्रोबायोम चाचण्यांचा वैद्यकीय वापर कसा व्हावा याविषयी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचे मतैक्य २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. अहवालात हे गुणोत्तर देऊ नये आणि डॉक्टरांच्या शिफारशीशिवाय रुग्णांनी परस्पर अशा चाचण्या मागवण्यास उत्तेजन देऊ नये, अशी त्यातील भूमिका आहे. संच विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

त्यानंतर ‘संशयास्पद जिवाणू’ हा विभाग येतो. पोटाचा संसर्ग होऊन गेलेला माणूस धडधडत्या छातीने वाचतो तो हाच. माझ्या अहवालात लाल चौकटीत ‘एशेरिशिया/शिगेला’ असे जोडनाव होते. शिगेला हे आमांशाचे एक प्रमुख कारण असल्यामुळे ते नाव वाचून कोणीही दचकेल. वस्तुस्थिती अशी की, या संचात वापरलेली पद्धत जिवाणूंच्या १६एस आरआरएनए या जनुकाचा तुकडा वाचते, आणि आतड्यात एरवीही वस्तीला असणारा निरुपद्रवी ई. कोलाय आणि रोगकारक शिगेला यांच्यात या जनुकाच्या आधारे फरकच करता येत नाही. म्हणून तर जोडनाव. अहवालात याचे स्पष्टीकरण एका तळटीपेत आहे, आणि तळटीप राखाडी रंगात आहे. शिवाय जनुकाचा तुकडा सापडला म्हणजे तो जिवाणू जिवंत आहे किंवा रोग करतो आहे, असे सिद्ध होत नाही.

याच विभागातील मोठी उणीव मात्र जे छापलेले नाही त्यात आहे. १६एस पद्धत जिवाणू पाहते. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी आहे, नोरोव्हायरस हा विषाणू आहे. दोन्ही या पद्धतीच्या नजरेत येत नाहीत. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या विश्लेषणात एकपेशीय आणि इतर परजीवींच्या संसर्गानंतर आयबीएस होण्याचे प्रमाण सर्वांत अधिक, सुमारे ४२ टक्के, आढळले. जिवाणूंच्या संसर्गानंतर ते सुमारे १४ टक्के होते. जुलाब रेंगाळले असतील तर जिआर्डिया अजून आतड्यात आहे का हे पाहणे खरोखर उपयोगाचे असते, कारण त्यावर औषध आहे. ज्याला ही शंका आहे त्याने या संचाचा ‘रोगकारक आढळले नाहीत’ हा हिरवा शेरा वाचून निश्चिंत होणे धोक्याचे ठरेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समजा, हे सर्व दोष दूर केले, पद्धत अधिक नेमकी घेतली आणि अर्थ सावधपणे लावला. तरी प्रश्न उरतोच, कारण संसर्गानंतर मागे राहणारा बिघाड मुख्यतः मलात नसून आतड्याच्या अस्तरात आणि मज्जातंतूंत असल्याचे पुरावे आहेत. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर त्रास टिकून राहिलेल्या रुग्णांच्या अस्तराचे तुकडे तपासले असता सिरोटोनिन स्रवणाऱ्या एन्टेरोक्रोमाफिन पेशी आणि टी-लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत. सिरोटोनिन आतड्याची हालचाल आणि संवेदना दोन्हींवर परिणाम करते, तेव्हा ही वाढ नुसती शोभेची नव्हे. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले बेल्जियममधील ल्यूव्हन येथील संशोधन तर विशेष लक्षवेधी आहे. उंदरांना आतड्याचा संसर्ग चालू असताना एक अन्नप्रथिन दिले. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले, तेव्हा आतड्याच्या भिंतीतील मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) उद्दीपित झाल्या, हिस्टामिन स्रवले आणि वेदना जाणवणारे मज्जातंतू अधिक संवेदनशील झाले. ही प्रतिक्रिया आतड्यापुरती मर्यादित होती. नेहमीच्या ॲलर्जीसारखी ती सर्व शरीरात पसरलेली नव्हती. त्याच संशोधनात १२ आयबीएस रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात काही अन्नघटक सुईने टोचले असता बाराही जणांमध्ये किमान एका घटकाला स्थानिक प्रतिक्रिया दिसली, तर निरोगी आठ जणांपैकी दोघांमध्येच दिसली. संख्या लहान आहे आणि त्यावरून घाईने उपचार ठरवू नयेत, हे खरे. पण कोठे पाहायचे ते यातून कळते. पूर ओसरल्यावर नदीचे पाणी तपासून घराच्या भिंतींना गेलेले तडे मोजता येत नाहीत, तसेच मलाच्या नमुन्यावरून आतड्याच्या भिंतीची ही स्थिती कळत नाही.

रुग्णांच्या मोठ्या गटांची तुलना केली तर संसर्गोत्तर आयबीएसमध्ये जिवाणूंची घडण सरासरीने वेगळी दिसते, हेही नाकारता येत नाही. संशोधनासाठी ही माहिती मौल्यवान आहे. एकट्या माणसाच्या हातात एकाच दिवसाचा नमुना आणि त्यावर बेतलेला गुणांक ठेवणे ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि कंपनीचा सारा व्यवहार या दोहोंतील अंतर झाकण्यावर उभा आहे.

अहवालाच्या उत्तरार्धात ‘आपल्यासाठी खास’ आहारयादी येते. पदार्थ हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत विभागलेले आहेत, आणि लाल स्तंभ सर्वांत लांब आहे. ही विभागणी माझ्या लक्षणांवरून केलेली नाही. नमुन्यातील जिवाणूंवरून केलेली आहे, आणि एखादा पदार्थ लाल का झाला याचे कारण दिलेले नाही. पोटाच्या दीर्घ त्रासाने गांजलेला माणूस अशाने एकेक पदार्थ सोडत जातो आणि शेवटी वजन घटवून बसतो. आहाराच्या बाबतीत आयबीएसवर सर्वाधिक अभ्यासला गेलेला मार्ग म्हणजे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला कमी-फॉडमॅप आहार. त्यात किण्वन पावणारी काही कर्बोदके मर्यादित आठवड्यांसाठीच कमी करतात, मग एकेक गट पुन्हा आणून पाहतात आणि त्रास न देणारे पदार्थ कायमचे परत घेतात. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे असे सांगितले जाते. येथे एक गमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या आहाराने लक्षणे कमी होतात तेव्हाच आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया हे ‘चांगले’ समजले जाणारे जिवाणूही कमी होतात, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे रुग्णाला बरे वाटू लागेल आणि या संचातील गुण उतरतील. ज्या मापनाचा कौल रुग्णाच्या अनुभवाच्या उलट जाऊ शकतो, त्यावर आहार बेतणे मला मान्य नाही.

शेवटच्या पानावर कंपनीच्याच प्रोबायोटिक (म्हणजे उपयुक्त समजले जाणारे जिवंत जिवाणू असलेल्या) कॅप्सूलची मासिक वर्गणी सुचवलेली आहे, आणि तिच्यातील जिवाणू नेमके माझ्या ‘कमतरते’शी जुळणारे आहेत. याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएसच्या एकंदर लक्षणांसाठी प्रोबायोटिक न वापरण्याचा सल्ला दिला आहे, पुरावा कमकुवत असल्याचे मान्य करूनच.

मग याच पैशांत आणि याच श्रमांत काय करता येईल? संसर्गानंतर पोट सावरत नसेल तर डॉक्टर ज्या मोजक्या तपासण्या सांगतात त्या दिसायला साध्या असल्या तरी प्रश्नाला धरून असतात. रक्तक्षय आहे का, सिलिअॅक विकाराची (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) प्रतिपिंडे आहेत का, मलातील कॅलप्रोटेक्टिन हे आतड्याचा दाह दाखवणारे प्रथिन वाढले आहे का, जिआर्डिया आहे का, आणि पातळ जुलाब थांबतच नसतील तर पित्ताम्लांचे शोषण नीट होते का. कॅलप्रोटेक्टिनचीही चाचणी मलावरच होते. पण दाहजन्य आतड्याचा विकार आणि आयबीएस यांच्यात फरक करण्यासाठी तिचा खरा उपयोग आहे आणि तिच्या मर्यादा ठाऊक आहेत. मलात रक्त, विनाकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, कुटुंबात आतड्याच्या कर्करोगाचा किंवा दाहजन्य विकाराचा इतिहास यांपैकी काही असेल तर घरबसल्या कोणताही संच मागवण्यात वेळ दवडू नये. कंपनीच्या लांबलचक प्रश्नावलीत झोपेचे तास, व्यायाम आणि मनःस्थिती यांविषयी प्रश्न आहेत. मलात रक्त पडते का, हा प्रश्न नाही. दोन तारे देताना हात आखडला तो मुख्यतः या एका गोष्टीमुळे.

निदान पक्के झाल्यावर उपचार लक्षणांनुसार ठरतात. विरघळणारे तंतू, पेटके कमी करणारी औषधे, पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल, जुलाब आवरणारे लोपेरामाइड, आतड्यासाठी बेतलेली संमोहनचिकित्सा आणि वर्तनोपचार यांना कमीअधिक आधार आहे. कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलीन हे मुळात नैराश्यावरचे औषध ४६३ रुग्णांच्या २०२३ मधील चाचणीत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. उलट, अस्तरातील सूक्ष्म दाह शमवण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड संसर्गोत्तर आयबीएसमध्ये वापरून पाहिले गेले तेव्हा त्याचा लाभ दिसला नाही. मेंदू आणि आतडे यांच्यातील देवाणघेवाणीचा बिघाड अशी या विकारांची व्याख्या रोम-४ या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत २०१६ पासून केलेली आहे, आणि उपचारांची वरील यादी त्या व्याख्येशी सुसंगत आहे. अशी देवाणघेवाण बिघडली म्हणजे त्रास मनाचा आहे, असा अर्थ कोणी काढू नये. अस्तरातील बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आहेत.

ग्राहकसेवेविषयी दोन वाक्ये पुरेत. वैविध्याच्या गुणांकावर मलाच्या स्वरूपाचा परिणाम धरला आहे का, असे मी लिहून विचारले असता सौजन्यपूर्ण भाषेत उत्तर आले, परंतु त्यात गणनेची पद्धत व्यावसायिक गोपनीयतेत मोडते एवढेच होते. फेरचाचणीवर सवलत देण्याचा प्रस्ताव त्याच पत्रात होता.

ज्यांना केवळ कुतूहल आहे, कोणताही त्रास नाही आणि अहवालावरून काही बदलायचे नाही, त्यांनी संच घेण्यास माझी हरकत नाही. वाचायला तो रंजक आहे. त्यांनीही संमतीपत्र मात्र पूर्ण वाचावे. नमुना आणि त्यातून मिळालेली जनुकीय माहिती संशोधनासाठी तसेच ‘भागीदार संस्थां’ना देण्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते आणि ती आपण काढावी लागते. नमुना नष्ट करण्याची विनंती खात्याच्या पानावरून करता येत नाही. त्यासाठी वेगळा ईमेल पाठवावा लागतो, आणि तो पत्ता संमतीपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात दिलेला आहे.